दोन वाजताची खिडकी

हसा, हसा. जावईबापूंचा मुद्दा बरोबर आहे. जिथे उन्हाळाभर सूर्यच मावळत नाही तिथे भूत येणार कधी? बिचाऱ्याला ड्यूटीच नाही. आणि आमची धाकटी नव्या नवऱ्याला घेऊन तिकडेच निघालीय, मध्यरात्रीचं ऊन बघायला. जा बाई, बघून या, मी नको म्हणत नाही. पण लाइट यायला अजून तास आहे, गच्चीवर वाराही बरा सुटलाय, तेवढ्यात एक गोष्ट ऐका. गोष्ट म्हणजे घडलेली. ज्याच्या बाबतीत घडली त्याच्या शेजारच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली आहेत. तेव्हा 'काका, फेकू नका' असं मला कुणी म्हणायचं नाही.

तो आणि त्याची बायको तिकडे फिरायला गेले नव्हते. कामाला गेले होते. काम साधंच, एका कागदावर सही करायची आणि परत यायचं.

माणूस तुम्ही पाहिला नसेल, पण असली माणसं पाहिली असतील. आमच्या कचेरीत जन्म-मृत्यूच्या नोंदीची खिडकी त्याच्याकडे होती. तोंडावर सगळे 'शिक्केसाहेब' म्हणायचे, पाठीमागे 'शिक्क्या'. मी तोंडावरही शिक्क्याच म्हणायचो, तेवढी मैत्री होती. वक्तशीर म्हणजे किती, कचेरीतलं घड्याळ बंद पडलं तर शिपाई त्याच्या मनगटाकडे बघून लावायचा. खिडकी इतकी खाली बसवलेली की येणाऱ्याला कमरेत वाकूनच बोलावं लागे. कुणाचा बाप गेलेला असायचा, कुणाचं तान्हं मूल. हा मान वर करायचा नाही. पेन्सिलीने फुली मारून कागद सरकवायचा. "इथे सही करा." कुणी विचारलं, साहेब, काय लिहिलंय यात, तर म्हणायचा, "वाचत बसू नका, मागे रांग आहे." मग शिक्का. मग, "पुढचा!" मागे रांग असो नाहीतर चिटपाखरूही नसो, हे ठरलेलं. आम्ही हसायचो. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू.

त्याला एकच मुलगी. हुशार, जरा हट्टी, बापावरच गेलेली. त्याने तिचं लग्न ठरवलं, पत्रिका छापल्या, वाटल्या, आणि चार दिवस आधी पोरगी घर सोडून गेली. कुणाबरोबर पळून वगैरे नाही हो, एकटीच गेली. चिठ्ठीत एवढंच होतं, की मला हे लग्न करायचं नाही हे मी तीनदा सांगितलं होतं. पुढे कळलं की थेट उत्तरेच्या टोकाला एका लहानशा शहरात, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला लागली. शिक्क्याने कचेरीत सगळ्यांदेखत सांगितलं, "मला मुलगी नाही." आम्हाला वाटलं, राग आहे, उतरेल. सगळ्यांचा उतरतो. ह्याचा सात वर्षं उतरला नाही.

त्यात तो निवृत्त झाला. पेन्शनच्या कागदांत कुटुंबाचा एक तक्ता भरायचा असतो. पत्नीच्या रकान्यात त्याने वहिनींचं नाव लिहिलं. मुलांच्या रकान्यात आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'निरंक'. तुम्हाला ठाऊक नसेल, सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही, कोणी नाही. मी म्हटलं, "शिक्क्या, अरे पोरगी जिवंत आहे तुझी." तो म्हणाला, "तुला साक्षीदार म्हणून सही करायचीय की नाही?" मी केली. चहा आला होता, निवत होता, वाद कशाला, म्हणून केली. ती सही मला अजून झोपू देत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये तिकडच्या नगरपालिकेचं पत्र आलं. त्यांची भाषा आपल्याला कुठली कळायला? कचेरीतल्या नव्या मुलीने फोनवर भाषांतर करून दिलं. मुलगी फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेली होती. तिकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, कुदळ लागत नाही. म्हणून हिवाळ्यात गेलेल्यांना एका थंड कोठीत ठेवतात आणि जूनमध्ये जमीन सुटली की पुरतात. एकवीस जूनपर्यंत नात्यातल्या कोणी येऊन सही केली तर नावाची पाटी लागेल. कोणी आलं नाही तर बेवारस. बेवारसाच्या पाटीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

शिक्क्याने कागद वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. "पुरतील ते," म्हणाला.

तुम्ही वहिनींना ओळखत नाही. तीस वर्षांत त्या बाईचा आवाज मी 'चहा घेणार ना भाऊजी' यापलीकडे ऐकला नव्हता. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात ओले होते. म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या उशाशी नंबर नको. नाव पाहिजे. मी जाणार आहे. तुम्ही या, नाहीतर नका येऊ." मी तिथे बसलेलो होतो. शिक्क्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काही बोललो. पण गेला. बायकोला एकटं पाठवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून गेला.

तीन दिवसांचा प्रवास. आधी विमानं, मग रेल्वे, मग दिवसभराची बस. सोमवार, वीस जून, सकाळी अकराला पोचले. मुलगी एका बाईच्या घरात माडीवरच्या खोलीत भाड्याने राहायची. घरमालकीण जाडजूड, कामसू बाई. हातवारे करून बोलायची. खोलीत एक पलंग, भिंतीला दोन खुंट्या, एका खुंटीवर कारखान्याचे रबरी हातमोजे, खिडकीला काळा जाड पडदा. तिकडे उन्हाळ्यात असले पडदे ओढल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही. कचेरीची वेळ बाईने कागदावर लिहून दिली, मंगळवारी दोन वाजता. मग तिने कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून वहिनींच्या मांडीवर ठेवला.

डब्यात पत्रं होती. चौतीस. सगळी वहिनींच्या नावाने लिहिलेली, इथे येऊन परत गेलेली. शिक्क्याने पोस्टमनला सांगून ठेवलं होतं, घरची पत्रं कचेरीत द्यायची. प्रत्येक पाकिटावर लाल शाईत, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, 'घेण्यास नकार'. खाली सही. त्याच पाकिटांवरून नगरपालिकेला ह्यांचा पत्ता मिळाला होता.

वहिनींनी विचारलं, "अहो, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

त्यांनी तारखांप्रमाणे पत्रं लावली आणि पहिलं फोडलं.

शिक्क्याला ती शांतता सोसेना. भांडण झालं असतं तर त्याला परवडलं असतं, भांडणात तो तरबेज. संध्याकाळी पाचला त्याने झोपेची एक गोळी घेतली, वर आणखी अर्धी, आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तीन दिवसांची जागरणं होती, मेल्यासारखा झोपला. वहिनी वाचत होत्या. उजेड होता, म्हणून पडदा ओढला नाही. उजेड जाईना, म्हणून वाचणंही थांबलं नाही. अकराव्या की बाराव्या पत्रावर केव्हातरी त्यांचाही डोळा लागला, बसल्या जागीच.

आता नीट ऐका. शिक्क्याला जाग आली तेव्हा तोंडावर लख्ख ऊन होतं. मनगटावर पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. फोनचा चार्जर तिकडच्या भोकांत बसत नव्हता, त्यामुळे फोन आदल्या दिवसापासून मेलेला. मनगटावरचं काट्यांचं घड्याळ, त्याला दिवस काय आणि रात्र काय. शिक्क्या ताडकन उठला. "अगं ऊठ! वीस तास झोपलो आपण! मंगळवारचा दीड वाजत आलाय, दोनला कचेरी आहे!" उभ्या जन्मात त्याला कुठे उशीर झाला नव्हता. तोंडावर पाणी मारलं, कागदांची फाइल काखेत मारली, आणि वहिनींना अक्षरशः ओढत जिना उतरला.

कळलं का? वीस तास नव्हे, आठच तास झोपला होता. वाजला होता रात्रीचा दीड. मंगळवार, एकवीस जून, आणि रात्रीचा दीड.

धाकटे, आता का हसत नाहीस?

तुम्ही म्हणाल, रस्त्यावर आल्यावर कळलं नाही? कसं कळावं? रस्ते मोकळे, दुकानं बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दोनला काय असतं? हेच असतं. दारं लोटलेली, पडदे ओढलेले, सगळं गाव जेवून आडवं झालेलं. तिथेही प्रत्येक खिडकीला काळा पडदा. शिक्क्या खूश झाला. "बघ, इथेही लोक वामकुक्षी घेतात. सुधारलेले देश म्हणे." एका अंगणात लहान मुलाची सायकल गवतावर पडलेली. चौकातला सिग्नल नुसता पिवळा, लुकलुक, लुकलुक. बेकरीचं दार बंद, पण आतून भट्टी चालू असल्याचा वास. बाकी माणूस नाही. कुत्रं नाही.

वहिनी म्हणाल्या, "अहो, सावल्या बघा."

दोघांच्या सावल्या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरल्या होत्या. दुपारी दोनला सावली पायाशी असते.

"चल गं लवकर," शिक्क्या म्हणाला.

पुढचं मला दोघांनी आपापलं, वेगवेगळ्या वेळी सांगितलंय. शिक्क्या पाच जुलैला एकटाच परत आला आणि घरी न जाता माझ्या दारात येऊन बसला. वहिनींचं पत्र मला ऑगस्टमध्ये आलं, तिकडून. त्या आल्याच नाहीत परत. त्या घरमालकिणीकडेच राहिल्या आहेत, अजून. दोघांनी सांगितलेलं सगळं जुळतं. एक जागा सोडून.

कचेरी स्मशानभूमीला लागून. बैठी, लांबलचक इमारत. दार उघडं होतं. आत चार खिडक्या, तीन बंद, एक उघडी. बाकं रिकामी. गारवा इतका, की तोंडातून वाफ यावी. उघड्या खिडकीच्या काचेला आतून कागद चिकटवलेला, त्यामुळे पलीकडचं माणूस दिसत नव्हतं. खाली फक्त कागद सरकवण्यापुरती फट. आणि ती खिडकी खूप खाली होती. वाकल्याशिवाय आतलं काही दिसू नये इतकी खाली.

शिक्क्या वाकला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना वाकवलेला माणूस, तो कशाला वाकेल? ताठ उभा राहूनच म्हणाला, "दोनची वेळ दिलेली आहे."

आतून आवाज आला, "काम?"

"एक मयत आहे. थंड कोठीतली. सही करायचीय."

"कोण लागते तुमची?"

वहिनी थबकल्या. हे आपल्या भाषेत विचारलं होतं. तिकडच्या नाही, आपल्या. शिक्क्याच्या ते ध्यानातच आलं नाही. हे शब्द, ह्याच क्रमाने, तो स्वतः तीस वर्षं बोलत आला होता. त्याला त्यात नवल काय वाटणार?

"कोण लागते?"

तो मला सांगताना इथे रडला. म्हणाला, "चार महिने झाले मुलीला जाऊन, बाप आज आलाय, हे त्या परक्या माणसापुढे कसं सांगू? लाज वाटली रे." लाज. सात वर्षं नाही वाटली, तिथे वाटली. आणि लाजेपोटी तो काय म्हणाला माहीत आहे?

म्हणाला, "ओळखीची होती."

वहिनींनी त्याची बाही धरली. "अहो..."

"तू थांब गं. कागदाचं काम आहे."

आत काही हललं नाही. मग फटीतून कागद आला. पेन्सिलीची फुली.

"इथे सही करा."

"काय लिहिलंय ह्यात?"

"वाचत बसू नका. मागे रांग आहे."

शिक्क्याने मागे पाहिलं.

बाकं. रिकामी.

पण तो म्हणतो, त्या वेळी पाठीला माणसं लागल्यासारखी वाटली. गर्दी. ओल्या कपड्यांचा वास. कोणीतरी मानेवर श्वास सोडतंय. त्याला वाटलं, लवकर आटपावं. पेन काढलं.

सही केली.

शिक्का पडला. धप्प.

"पुढचा."

आणि तेव्हा... वहिनी वाकल्या.

दोघांच्या सांगण्यात फरक आहे तो इथे. शिक्क्या म्हणतो, त्या क्षणभर वाकल्या आणि लगेच सरळ झाल्या. वहिनींनी लिहिलंय, 'मी फटीतून आत हात घातला. तो धरला गेला. किती वेळ ते सांगता येणार नाही भाऊजी. घड्याळ ह्यांच्या हातात होतं.'

काय दिसलं?

...

ते त्यांनी लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही.

फळी खाली आली. खिडकी बंद झाली.

बाहेर पडले. शिक्क्या मात्र मनातून सुटल्यासारखा झाला होता. काम वेळेत झालं. घरी पोचले तर दारात घरमालकीण, अंगावर रात्रीचा झगा, केस सुटलेले, तोंडाने नुसता भडिमार. आपण जसं एखादं पोर रात्री उशिरा आलं की करतो तसा. शिक्क्याला कळेना. शेवटी तिने त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि शेगडीवरच्या आकड्यांच्या घड्याळावर बोट आपटलं. शून्य दोन, पंचेचाळीस. मग दोन्ही हात गालाखाली घेऊन डोळे मिटून दाखवले. रात्र. माणसं झोपलीत. अक्कल आहे का?

शिक्क्या तिथेच लाद्यांवर बसला.

कचेरी दुपारी एकला उघडते, चारला बंद होते. त्या दिवशी दोन वाजता, म्हणजे खऱ्या दोन वाजता, दोघं पुन्हा गेले. चारही खिडक्या उघड्या, काचा स्वच्छ, सगळ्या छातीइतक्या उंच. एक टकल्या कारकून सफरचंद खात बसलेला. भला माणूस असावा. त्याने नाव ऐकलं, नोंदवही उघडली, आणि त्याचं सफरचंद तोंडाशीच राहिलं. वही फिरवून त्याने ह्यांच्यापुढे केली. पान त्या दिवसाचं. शिक्का त्याच कचेरीचा. खाली शिक्क्याची सही, तीस वर्षं मी पाहिली तीच, शेवटी दोन टिंबं असलेली. कारकुनाने फोन त्या पानावर धरला. फोन यंत्राच्या आवाजात आपल्या भाषेत वाचू लागला. "मयताशी नातं, ओळखीची. हक्क सांगणारे, निरंक."

म्हणजे बेवारस. आणि अशी नोंद झालेल्या बेवारसांची पहिली खेप एकवीस तारखेला सकाळी सहालाच पुरतात. आठ तास होऊन गेले होते. ओळ सात, नंबर एक्केचाळीस.

"रात्री इथे कोण होतं?" शिक्क्याने विचारलं.

"रात्री?" कारकून म्हणाला. "चारला मी कुलूप लावतो. किल्ली माझ्या खिशात असते."

"मग हे..."

"ही सही तुमची आहे का?"

"माझी आहे."

"मग?"

हेच उत्तर शिक्क्याने किती जणांना दिलं असेल. सही तुमची आहे ना? मग? तो म्हणाला, "मी बाप आहे तिचा. बाप." फोनने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. कारकून समजुतीने म्हणाला, चालेल, चूक दुरुस्त होते, काही पुरावा दाखवा. शिक्क्याने घाईघाईने काखेतली फाइल उघडली. सगळे कागद होते त्यात, जपून लावलेले, पारदर्शक पिशव्यांत घातलेले. कारकुनाने एकेक कागद फोनखाली धरला. शेवटी कुटुंबाचा तो तक्ता आला. पत्नीचं नाव. मुलं, निरंक. खाली साक्षीदार.

साक्षीदार मी.

पाणी दे रे जरा. नाही, पडू दे तो दिवा तसाच, लावू नकोस.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारकुनाला विचारलं, ओळ सात कुठे? एवढंच. आणि चालायला लागल्या.

तिकडे वारा फार, म्हणून पाट्या उभ्या करत नाहीत. ताज्या मातीवर पत्र्याची पाटी आडवी टाकतात आणि चार कोपऱ्यांत चार लोखंडी खुंट्या ठोकतात, हातभर लांब. बेवारसांच्या रांगेत एकसारख्या पाट्या. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. आकडे पाडायचं यंत्र असतं त्यांच्याकडे, त्याला अक्षरं नाहीतच, नुसते आकडे. रखवालदाराने तसं खुणेने सांगितलं.

वहिनी एक्केचाळीसजवळ मातीत बसल्या. शिक्क्या म्हणाला, "चल." त्या हलल्या नाहीत. म्हणाला, "मी अर्ज करतो, वर लिहितो, नाव मिळवून देतो." त्या म्हणाल्या, "तुम्ही आता काही लिहू नका." लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि त्यानंतर त्या त्याच्याशी कधी बोलल्या नाहीत. तो जाऊन फाटकापाशी बसला. संध्याकाळ झाली म्हणायचं, सूर्य होता तिथेच. रखवालदाराला दया आली, त्याने फाटक उघडं ठेवलं. आठ वाजले. अकरा वाजले. बारा. ऊन तिरपं, पिवळं. वाऱ्याचा आवाज. वहिनी पाटीवर तळहात ठेवून बसल्या होत्या, मूल निजवताना ठेवतात तसा.

आता मी वहिनींच्या शब्दांत सांगतो. ते पत्र मला पाठ आहे.

'भाऊजी, रात्री दोनला हाताखाली पत्रा हलला. मला वाटलं वारा असेल. पुन्हा हलला. मग कळलं, ठोके आहेत. एक एक. सावकाश. मी हात काढला नाही. मला भीती वाटत होती. पण एकदा मी दुसऱ्याच्या भीतीने गप्प बसले होते, म्हणून हात काढला नाही. ठोके तळहाताला लागत होते. दुखत होतं. मग थांबले.'

मग थांबले.

त्यांनी हात उचलला तेव्हा शिक्क्या फाटकापासून धावत येत होता. त्यालाही आवाज ऐकू आला होता. तो गुडघ्यांवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा पुरता वाकला असेल, मातीला नाक लागेपर्यंत.

पाटीवर नाव होतं. आपल्या अक्षरांत. त्या गावात आपलं एक अक्षर कोणाला लिहिता येत नाही. मुलीचं नाव. त्यापुढे, आपल्याकडे बापाचं नाव लिहितात त्या जागी, वहिनींचं नाव. त्यापुढे काही नाही. शिक्क्या बोट फिरवत राहिला, पत्र्याच्या कडेपर्यंत. नुसता गुळगुळीत पत्रा.

फोटो आहे माझ्याकडे. आत्ता दाखवत नाही, सकाळी मागा. फोटोत एवढं स्पष्ट दिसतं, की यंत्राने वरून पाडलेला एक्केचाळीस आकडा पत्र्यात दबलेला आहे. नाव दबलेलं नाही. ते वर उठलेलं आहे. चारही खुंट्या जागच्या जागी, मातीत घट्ट, आणि एकेक अक्षर खालच्या बाजूने ठोकलेलं.